पाळणा

दारातच लामाराने माझी बाही धरली.
"त्याला काही बोलायचं नाही हं. अल्सर आहे, एवढंच.
द्राक्षं उतरतील तोवर हिंडाफिरायला लागेल."
मी बूट काढले.
माझ्या पिशवीत मॉर्फिनच्या बारा कुप्या होत्या,
त्या काही अल्सरसाठी नव्हत्या.

आत नोदार, खिडकीकडे तोंड करून.
डोंगरावरून उतरलेला जुना गंजका दोर
खिडकीला मधोमध कापत गेलेला.
"दार लोट, एका," तो म्हणाला.
"किती उरलंय ते मला ठाऊक आहे.
हिला सांगू नकोस. हिला झेपायचं नाही."

म्हणजे मी झाले भिंत.
भिंतीलाही कान असतात, हे सगळेच सांगतात.
तिला तोंड असतं का, हे कुणी विचारत नाही.

कुतायसीच्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवलेलं:
विचारा. थांबा. पुन्हा विचारा.
थांबायचं किती, ते वहीत नव्हतं.
मी थांबले. जर्दाळूचा रस कोमट झाला.
त्याच्या टाचेला मलम लावून झालं,
मग दुसऱ्या टाचेला, जी दुखत नव्हती.

लामारा उशी सारखी करायला येई
आणि दर वेळी पुटपुटे, शेनी चिरिमे:
तुझी पीडा मला लागो.
पीडा ऐकत नसे.
उशी तेवढी ऐके.

एका शुक्रवारी मी सहज विचारलं,
तुम्ही दोघं भेटलात कुठे?
"भेटलो कुठे!" नोदार म्हणाला.
"मी पाळण्याच्या खालच्या ठाण्यावर, ही वरच्या.
मधे क्विरिला नदी, खाणीची काळी धूळ, आणि एक घंटा.
एक टोला: आहेस का?
दोन: माणूस बसलाय.
तीन: सोड.
पहिली दोन वर्षं मी हिचं नाक पाहिलं नव्हतं."
आणि चार?
तो हसला. हसू खोकल्यात गेलं,
खोकला बराच वेळ परत आला नाही.
"चार नियमात नव्हता," तो म्हणाला. "चार आमचा होता."

लामारा दाराशी कधीची उभी होती, मला कळलं नाही.
हातात धुतलेली बरणी, जी ती पुन्हा पुसत होती.

नोदारने अंगठी पलंगाच्या लोखंडावर वाजवली.
टण्. टण्.
माणूस बसलाय.

बरणी कपाटात गेली. कपाट लागलं.
लामारा स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला.
मला वाटलं, आता ती मला घालवून देणार.
ती आली ती चमचा घेऊन.
पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि
एकदाच, हळू, ठोकलं:
आहेस का.

त्यानंतर ते नऊ दिवस भांडले.
कोणता कोट घालायचा, तपकिरी की काळा;
गुरामचे दोनशे लारी फेडायचे की तोच देणं लागतो;
पोतीच्या मुलाला आत्ता बोलवायचं की मग.
"आत्ता," ती ओरडली, "मग म्हणजे काय, मूर्खा?"
आणि दोघंही गप्प झाले,
आणि मी सुई मोडीत काढायच्या डब्यात
फार लक्ष देऊन पाहत राहिले.
इतकं खरं बोलणं त्या घरात
माझ्याच्याने झालं नसतं.

मंगळवारी मी गेले तेव्हा
लामाराने बाही धरली नाही.
खिडकी उघडी होती. तपकिरी कोट.
चमचा पलंगाच्या पायथ्याशी पडलेला, थोडा वाकलेला.
"मुलगा पोचला होता?"
पोचला होता.
"कधी?" मी विचारलं, पेन काढत.
ती दोराकडे बघत म्हणाली,
"तीन तर मी आधीच दिले होते.
मग चार वाजले."

मी नोंदवहीत लिहिलं:
मृत्यूची वेळ, पहाटे चार.
सही केली, कुप्या मोजल्या, पाच उरल्या होत्या.

जिना उतरताना, दुसऱ्या मजल्यावर,
कठड्यावरचा माझा हात थांबला.
ती वेळ मी अजून खोडलेली नाही.